दोनशेचा बोर्ड

नाही, सही होणार नाही. तेवढं सोडून बोला. तो कागद परत फाइलीत घाला, मॅडम, नाहीतर ऑइलचे डाग पडतील – इथे सगळ्यालाच पडतात, मलाही पडलेत. बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, ह्या टायरवर बसा, पुसून ठेवलाय. चहा घ्या. नको कसा, एवढ्या लांब ट्रॅकच्या ऑफिसातून आलात एका सहीसाठी – साखर संपलीय, तेवढं चालवून घ्या. हं. परत एकदा वाचा बघू काय लिहिलंय ते. ‘गाडीचे ब्रेक ऐन वेळी निकामी झाल्याने अपघात घडला.’ – छान टाइप केलंय. एक खाडाखोड नाही. खाली माझं नाव, नावाखाली ‘मुख्य मेकॅनिक’, आणि वर सहीपुरती मोकळी जागा. निर्मात्याने सही केलीय, तुमच्या चौकशी समितीतल्या तिघांनी केलीय, हिरोनेसुद्धा केलीय – डाव्या हाताने, उजवा प्लास्टरमध्ये आहे ना, म्हणून ती अशी शाळेतल्या पोरासारखी आलीय. सगळ्यांनी मिळून खापर फोडलं ते ब्रेकवर, कारण ब्रेकला तोंड नाही. मला आहे.

आणि सही केली की काय होतं तेही मला ठाऊक आहे, उगीच समजावून सांगू नका. दोष यंत्राचा निघाला की यंत्र बदलायचं आणि शूटिंग पुढे सुरू. ट्रॅक परत मिळतो. शेवटची शर्यत तेवढी उरलीय, ती हिरोऐवजी दुसरा कोणीतरी हेल्मेट घालून चालवील. आणि दोष माणसाचा निघाला, तर तुमच्या नियमाप्रमाणे परवानगी रद्द, कायमची. चित्रपट डब्यात. बरोबर? बरोबर. आठ वर्षं त्या माणसाने ह्या चित्रपटामागे घालवलीत. ह्या सहीवर काय अडलंय ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. तरी नाही करणार. माझे ब्रेक निकामी झाले नाहीत. ह्या हातांनी बसवलेले ब्रेक चौतीस वर्षांत एकदाही निकामी झालेले नाहीत, आणि ते आता कोणाच्या सोयीसाठी होणार नाहीत.

हिरो म्हणजे – हो, सगळं जग त्याला साहेब म्हणतं, मी हिरोच म्हणतो. तो हिरो नव्हता तेव्हापासून म्हणतो, चिडवायला म्हणायचो. तुमच्याच ट्रॅकवर, मॅडम, तुमचा जन्मही नसेल तेव्हा, आम्ही दोघं तिसऱ्या वळणावर गवताच्या पेंढ्या रचायचो. रोजंदारीवर. शर्यत असली की पहाटे रचायच्या, गाड्या आदळून विस्कटल्या की पळत जाऊन परत रचायच्या. तेव्हा एक ड्रायव्हर होता, म्हातारा, स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी घेऊन यायचा आणि दर शर्यतीत शेवटचा यायचा. दर शर्यतीत. पहिल्याला हार घालून झालेले, लोक उठून चाललेले, आणि हा आपला येतोय एकटा, शेवटची फेरी पुरी करायला. मला हसू यायचं. हिरो हसायचा नाही. म्हणायचा, ह्याच्यावर सिनेमा निघाला पाहिजे. मी म्हणायचो, काढ की, तूच हिरो. आता बोला – माणसाने चाळीस सिनेमे केले, बागेत नाचला, डोंगरावरून उड्या मारल्या, आणि छप्पन्नाव्या वर्षी माझ्या ह्या शेडच्या दारात येऊन उभा. म्हणाला, मिस्त्री, काढतोय. काय काढतोयस? म्हणे, म्हाताऱ्याचा सिनेमा. मी म्हटलं, शेवटी जिंकणार असेल ना? तर म्हणाला, नाही, शेवटचाच येणार. निर्मात्याने कपाळावर हात मारून घेतला. हिरोची बायको म्हणाली, एवढीच हौस होती तर एक गाडी घेऊन बंगल्याभोवती फिरायचं होतं. सगळ्यांनी वेड्यात काढलं त्याला. मी नाही काढलं. मी त्याला विचारलं, गाडी कोण चालवणार? तो म्हणाला, मी.

आणि त्याला गाडी येत नव्हती. हसू नका, खरं सांगतोय. पडद्यावर मोप चालवली, पण ती गाडी दुसऱ्या गाडीवर चढवलेली असते, हा नुसतं चाक हलवतो आणि शेजारच्या नटीकडे बघतो. रस्त्याकडे बघायची सवयच नाही. तिसऱ्या वळणाच्या आधी तो लांब सरळ पट्टा आहे ना, तिथे कधी फार आधी ब्रेक दाबायचा, कधी फार उशिरा. म्हणायचा, मला अंदाज येत नाही. येणार कसा? अंदाज हा विशी-बाविशीत अंगात मुरतो, छप्पन्नाव्या वर्षी तो कोणी इंजेक्शनने देत नाही. सहा महिने गेले. मी सांगणारच होतो त्याला की सोड, दुसऱ्याला चालवू दे. मग एकदा त्याच्याबरोबर स्टुडिओत गेलो होतो, दुसऱ्या कसल्या तरी शूटिंगला, तर बघतो काय – जमिनीवर चिकटपट्टीची एक खूण केलेली, हा लांबून बोलत बोलत येतो, खाली एकदाही बघत नाही, आणि बरोबर त्या खुणेवर थांबतो. दहा वेळा आला, दहा वेळा बरोबर. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मला तिथल्या तिथे उजाडलं. म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? आपल्याला अंदाज नकोच आहे, आपल्याला खूण पाहिजे.

तर ती खूण म्हणजे दोनशेचा बोर्ड. वळण दोनशे मीटरवर आलं असं सांगणारा. तुमचे ते आजकालचे तीन-तीन बोर्ड शूटिंगपुरते काढले होते, कारण गोष्ट जुनी, त्या काळी एकच असायचा – लाकडी, पिवळा, वर काळ्या रंगात आकडा. आम्ही तसाच करून घेतला आणि तुमच्याच माणसांनी टेप लावून, मोजून तो जागेवर रोवला. परवानगीच्या कागदात पहिलं कलम तेच – बोर्डाच्या जागेला हात लावायचा नाही. मला पाठ आहे ते कलम. आणि मी हिरोला शिकवलं काय? वळणाकडे बघायचंच नाही. मनाचं ऐकायचं नाही, डोळ्यांचंही ऐकायचं नाही. बोर्ड आला की दाबायचा. बोर्ड म्हणजे तुझी चिकटपट्टी. पंधरा दिवसांत गाडी अशी वळायला लागली त्या वळणावर की तुमच्या ट्रॅकची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहायची बघायला. मला इथे बसून कळायचं. इथून पट्टा दिसत नाही, पण आवाज येतो. त्याने शेवटचा गिअर टाकला की मी मोजायला लागायचो – एक, दोन, तीन, चार, पाच, सहा – आणि सहाला आवाज उतरायचा. कधी साडेपाच नाही, कधी सात नाही. दोन वर्षं सहा. म्हणजे बघा, ब्रेक कसे होते आणि पाय कसा होता.

मग झालं काय, असंच विचारणार ना आता? तुमच्या रिपोर्टात आहेच की. रस्त्यावर रबराचे दोन काळे पट्टे आहेत, ते बोर्डाच्या पुढे साठ पावलांवर सुरू होतात. हिरो शपथेवर सांगतोय की मी बोर्डावरच दाबला. त्याच्या सांगण्यावर तर कोणी शंका घेणार नाही, सगळ्यांनी दोन वर्षं बघितलंय त्याला. म्हणजे पाय वेळेवर पडला आणि ब्रेक साठ पावलं उशिरा लागला – हिशेब जुळला, फाइल बंद. हुशार माणसं आहेत तुमची. फक्त एवढंच सांगा मला, निकामी ब्रेकने रबराचे पट्टे उठतात कसे? ब्रेक निकामी असता तर पट्टे नसतेच ना. आणि ब्रेक असा झोपेतून उठल्यासारखा साठ पावलांनी जागा होतो काय? दाबला तिथे लागला. जिथे पट्टे सुरू होतात तिथे त्याने दाबला, आणि त्याने बोर्डावर दाबला, दोन्ही खरं आहे.

दोन्ही कसं खरं म्हणजे – दोन्ही खरंच आहे. जाऊ द्या.

थांबा, लिहू नका हं. नुसतं ऐका. त्या दिवशी गाडी पळायचीच नव्हती. कार्यक्रमात फक्त उभा सीन होता – हिरो पट्ट्याच्या कडेला गाडीला टेकून उभा राहतो आणि सिनेमातल्या बायकोशी बोलतो, एवढंच. हिरो मेकअपला बसलेला, त्याच्या जागी एक पोरगा उभा करून कॅमेऱ्यातून बघितलं, तर तो पिवळा बोर्ड बरोबर डोक्यामागे. कानातून उगवल्यासारखा. कॅमेरावाल्याने तोंड वाकडं केलं. मग कला विभागातली ती मुलगी, जिने तो बोर्ड रंगवला होता, तिला म्हणाले, जरा हलव. सिनेमावाल्यांचं असंच असतं, मॅडम, त्यांना जगातली प्रत्येक वस्तू हलवता येते. खुर्ची हलव, झाड हलव, चंद्र जरा डावीकडे घे. त्यात वाईट काही नसतं त्यांच्या मनात. पण ती मुलगी शहाणी. ती परस्पर हलवेल अशी नाही. ती आधी विचारायला आली. इथपर्यंत चालत आली, ह्या शेडमध्ये, मी गाडीखाली झोपलेलो, आणि खाली वाकून मला म्हणाली, मामा, आजचा दिवस तो बोर्ड साठेक पावलं पुढे घेतला तर –

मामा म्हणजे काय, इथे सगळेच मला... काका म्हणतात. तुम्हीसुद्धा मघाशी दारात काकाच म्हणालात.

बरं. माझी भाची आहे ती. धाकट्या बहिणीची मुलगी. मीच लावली तिला इथे कामाला, हिरोला सांगून. हात बघा तिचा, बोर्डावरचे ते आकडे फूटपट्टी न लावता काढलेत. पण तिचं नाव ह्या कागदात येता कामा नये, हे आधीच सांगून ठेवतो. तिने विचारलं. विचारणाऱ्याचा काय दोष? विचारणारा विचारून मोकळा होतो, जबाबदारी उत्तर देणाऱ्याची. आणि उत्तर मी दिलं. म्हटलं, हलव, संध्याकाळी आठवणीने परत ठेव. बस. एवढं बोललो आणि परत कामाला लागलो. मान वर करून तिच्याकडे बघितलंही नाही. काय एवढं काम करत होतो म्हणता? ब्रेकच करत होतो. दुसऱ्या गाडीचे. हिरोच्या गाडीचे सकाळीच करून झाले होते – पॅड नवे, ऑइल नवं, नळीतली हवा तीनतीनदा काढलेली. म्हणून तर छातीठोकपणे सांगतो ना, की ब्रेकमध्ये खोट नव्हती. ब्रेकमध्ये इतका बुडालो होतो की बोर्ड म्हणजे काय हे पाच मिनिटं विसरलो. मी विसरलो. ज्याने त्याला सांगितलं की डोळ्यांचं ऐकू नकोस, बोर्डाचं ऐक – तो मी.

चारच्या सुमाराला ऊन फार सुंदर पडलं होतं म्हणे. पट्टा सोन्यासारखा दिसत होता. हिरो म्हणाला, उभा सीन राहू दे, असा उजेड परत मिळणार नाही, एक फेरी मारतो, कॅमेरा चालू ठेवा. आठ वर्षं ज्याची वाट बघितली तो उजेड. कोण अडवणार? भाची तेव्हा खाली गाडीत रंगाचे डबे आणायला गेलेली. आणि मी इथे. इंजिन सुरू झाल्याचं ऐकलं, मनात म्हटलं, वा, आज खुशीत आहे स्वारी. त्याने शेवटचा गिअर टाकला आणि मी आपला सवयीने मोजायला लागलो. एक. दोन. तीन. हातात पाना होता. चार. पाच. सहा. आवाज उतरला नाही. सात म्हणायला किती वेळ लागतो हो? पण त्या सातात मला सगळं कळलं. बोर्ड, भाची, मी काय बोललो ते, सगळं. मग आवाज उतरला, टायर किंचाळले – म्हणजे लागले, माझे ब्रेक लागले, ऐकलंय मी – पण साठ पावलं कमी होती. पुढचं सगळ्यांनीच ऐकलं.

दुसरा कोणी असता ना, ज्याला थोडाफार अंदाज आहे असा, तर त्याला वळण अंगावर येतंय हे कळलं असतं, बोर्डाची वाट न बघता दाबला असता. हा नाही दाबणार. ह्याने खूण सोडली नाही. बरोबर बोर्डावर दाबला, बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. त्याची चूकच नाही. हे कुठेतरी लिहा तुम्ही, की त्याची काडीइतकी चूक नव्हती.

काय? – नाही, तो प्रश्न बरोबर आहे तुमचा. तुम्ही विचारणार हे माहीतच होतं. तुमची माणसं दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आली तेव्हा बोर्ड मूळ जागेवर होता, रेघेला रेघ. म्हणून तर पट्टे साठ पावलं पुढे निघाले. मग तो परत कोणी ठेवला. भाचीने नाही ठेवला. भाची तिथे कडेला उभी होती, हातात डबा तसाच, ‘मामा मामा’ एवढंच. हिरोला गाडीत घालून नेलं, सगळे त्याच्या मागे पळाले, पट्ट्यावर कोणी नव्हतं. मी तो बोर्ड उपटला. खांद्यावर घेतला. साठ पावलं मोजत मागे आलो आणि जुन्या खड्ड्यात रोवला, पायाने माती दाबली. तिला म्हटलं, घरी जा, कोणाला काही सांगायचं नाही. कॅमेरावाल्यांना ठाऊक होतं, पण परवानगी जाईल म्हणून त्यांनीही तुमच्या समितीला सांगितलं नाही. त्या वेळी डोक्यात फक्त तीच होती. तिला वाचवतो असं वाटलं. माझ्या हातांनी मी माझ्याच ब्रेकच्या विरुद्ध पुरावा रोवतोय हे मला कळलंच नाही, ते कळलं तुमचा रिपोर्ट आल्यावर. आता बसा हसत.

हसत नाही आहात. बरं.

तर आता ऐका मी सही का करत नाही ते. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. पाय टांगलेला, हात प्लास्टरमध्ये, डोळे उघडले त्याने. मला म्हणाला, “मिस्त्री, मी बोर्डावरच दाबला रे.” मी म्हटलं, हो. मग म्हणाला, “ब्रेक नाही लागला. होतं असं कधीतरी. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी तुला केव्हाच माफ केलंय.” – माफ केलंय म्हणाला मला. न केलेल्या चुकीसाठी. आणि केलेली चूक मी खिशात घेऊन उभा. संत्री सोलून ठेवली त्याच्यासाठी आणि निघून आलो. तेव्हापासून तीन आठवडे तो निरोप पाठवतोय, सही करून टाक, यंत्राला कुठे अब्रू असते. माझी आहे ना त्याच्यात, त्याचं काय? ह्या कागदावर सही केली तर जन्मभर तो मला माफ करत राहणार, मॅडम. जाईन तेव्हा प्रेमाने पाठीवर हात ठेवणार. ते मला सहन व्हायचं नाही.

हे काय, फाइल का बंद करताय? पेनाला टोपण का लावलंत? नाही नाही, ही मेहरबानी नको मला. ‘मी काही ऐकलंच नाही’ असलं काही करू नका, ऐकलंय तुम्ही. चित्रपट बंद पडेल म्हणून? पडू दे. त्याचा तळतळाट माझ्या डोक्यावर, मी बघून घेईन. तो म्हातारा दर वेळी शेवटचा आला, पण फेरी खोटी केली नाही त्याने, मधूनच वळून घरी गेला नाही. त्याच्यावरचा सिनेमा असल्या कागदावर पुरा करायचा? उद्या हिरोला हे कळलं तर तो स्वतःच फिल्मचे डबे जाळील. उठा. या इकडे. ताडपत्री ओढतो, बाजूला व्हा. – ही. नाक गेलंय बिचारीचं, पुढचं चाक बघा कसं झालंय. पण मागच्या ब्रेकची नळी वेगळी असते, तिला मी तेव्हापासून बोटही लावलेलं नाही. मागची बाजू जॅकवर चढवलेली आहे, घाबरू नका, बसा आत. साडी सांभाळून, तिथे पत्रा फाटलाय. पायाशी तीन पेडल आहेत, मधलं. अजून दाबू नका. मी हे चाक हाताने फिरवतो – फिरतंय? बघा किती मोकळं फिरतंय. आता दाबा.

दाबा की.

बघितलंत? हलत नाही. दोन्ही हातांनी जोर लावतोय, हलत नाही. सोडा. परत दाबा. झालं. आता पेन काढा आणि मी सांगतो तसं लिहा, सोप्पं आहे – ब्रेक चांगले होते, ड्रायव्हर चांगला होता, बोर्ड मिस्त्रीच्या सांगण्यावरून हलवला गेला आणि मिस्त्रीनेच परत ठेवला. भाचीबिची काही नाही, एवढंच. खाली जागा सोडा, त्यावर करतो सही, दहा वेळा करतो. द्या. – हं. बघा, ऑइलचा डाग पडलाच.

उतरा, जपून. चहा राहिला तुमचा, थंड झाला. आणि एक करा, आज हे ऑफिसात देऊ नका, उद्या द्या. चारला हॉस्पिटलात भेटायची वेळ असते, तोपर्यंत मला पोचायचंय. बोर्ड जागेवर नव्हता हे त्याला तुमच्या कागदावरून कळायला नको, माझ्या तोंडून कळू दे. मग माफ करायचं की नाही, ते तो ठरवील. निघा आता, माझे हात धुवायचे राहिलेत. जाताना दार ओढून घ्या, वाऱ्याने आपटतं.